आईची केमो चालू आहे आणि आत्याने रेशीचा डबा आणून दिलाय

पत्र : मॅडम, मी सांगलीची, वय २९. आईला स्तनाचा कॅन्सर आहे, ती ५६ वर्षांची. ऑपरेशन झालं, त्यानंतर आठ केमो सांगितल्या, तीन झाल्या. तिसरीनंतर ती पार गळून गेली. तोंड आलं, केस गेले, रात्ररात्र झोप नाही. माझी सख्खी आत्या रेशी मशरूमच्या कॅप्सूल आणि कॉफी विकते. तिने दोन महिन्यांचा डबा आणून दिला, साडेतेरा हजारांचा. आई बारा दिवसांपासून घेतेय. आत्या म्हणते, हे हजारो वर्षांचं औषध आहे, आयुर्वेदातही आहे, जपानात तर सरकारच कॅन्सरला देतं, आणि नैसर्गिक असल्याने अपाय काहीच नाही. डॉक्टरांना मात्र सांगू नका, ते बंद करायला लावतात. आता आई म्हणते, राहिलेल्या केमो नकोत, याच्यावरच बरी होईन. बाबा ओळखीतून कीडाजडी, म्हणजे ती हिमालयातली महागडी बुरशी, मागवायच्या विचारात आहेत. याने खरंच गुण येतो का? मी काय करू? आत्याला दुखवायचं नाही. आणि आई साधी मशरूमची भाजी तरी खाऊ शकते का?

उत्तर :

तुझं वय माझ्या धाकट्या लेकीएवढं, म्हणून ‘तू’ म्हणते. राग मानू नकोस.

आधी एक काम कर, बाकीचं नंतर वाच. आजपासून त्या कॅप्सूल आणि ती कॉफी थांबव. डबा फेकू नकोस. आईच्या फाइलसोबत पिशवीत ठेव आणि पुढच्या केमोची वाट न बघता एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखव. कधीपासून घेतल्या, दिवसाला किती, हे कागदावर लिहून ने. दरम्यान आईचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, किंवा ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइटपर्यंत गेला, तर सकाळची वाट बघू नका, तशाच निघा. केमोतल्या माणसाचा ताप घरी क्रोसिन देऊन उतरवायचा नसतो.

तू विचारलंस, गुण येतो का. मी एकतीस वर्षं फार्मसी कॉलेजात औषधं शिकवली, आणि लहानपण गेलं रत्नागिरीजवळच्या एका वाडीत. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं मला घरची आहेत. आमच्या मागच्या अंगणात फणसाचं जुनं झाड होतं. त्याच्या बुंध्याला घोड्याच्या खुरासारखी एक कठीण, तपकिरी बुरशी यायची. तिला आमच्याकडे फणसोंबा म्हणत, कुणी फणसांबा म्हणतं. कोंकण, गोवा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या वैदूंकडे आणि जुन्या बायकांकडे ती असायचीच. शास्त्रात ती फेलिनस या गटातली. तान्ह्या बाळाचं तोंड आलं, लाळ थांबेना, की आजी तो तुकडा सहाणेवर पाण्यात उगाळायची. दोनच वेढे. बोटाच्या टोकावर येईल एवढंच गंध बाळाच्या हिरड्यांना लावायचं, आणि तुकडा परत फडक्यात बांधून फडताळात. आई एकदा म्हणाली, अजून थोडं लावा की. आजी म्हणाली, “मात्रा म्हणजे मात्रा.” (आज कुणी हे वाचून बाळाला फणसोंबा लावू नये. झाडावरून काढलेली बुरशी नेमकी कोणती, हे ओळखणारी नजर आता घराघरांत राहिलेली नाही.)

ही आठवण सांगितली ती परंपरेला नावं ठेवण्यासाठी नाही, उलट तिच्या बाजूने बोलायचं म्हणून. आजीच्या फणसोंब्याला एक दुखणं ठरलेलं होतं, एक रीत होती आणि एक माप होतं. तिने तो कधी क्षयाला दिला नाही, पोटातल्या गाठीला दिला नाही. आपल्या औषधाची हद्द तिला ठाऊक होती. आत्याच्या डब्यावरच्या औषधाला हद्दच नाही, आणि मला काळजी वाटते ती तिथे.

आता आत्याची विधानं घेऊ. सगळी खोटी नाहीत, म्हणूनच नीट बघायला हवीत.

हजारो वर्षांचं औषध. रेशी हे जपानी नाव, चिनी लोक तिला लिंगझी म्हणतात. गॅनोडर्मा जातीची, लाखेसारखी चकचकीत, लाकडावर वाढणारी बुरशी. चीनच्या ‘शेन्नोंग बेनत्साओ जिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या औषधग्रंथात रंगावरून तिचे सहा प्रकार सांगितले आहेत. चीनच्या सरकारी औषधसंहितेत २००० साली तिचा समावेश झाला. पण कशासाठी? छातीत धडधड, झोप न लागणं, दमा-खोकला, अशक्तपणा यांसाठी. देण्याची रीतही बघ. ही बुरशी लाकडाइतकी चिवट, चावून खाताच येत नाही. म्हणून चकत्या करून बराच वेळ उकळायच्या, काढा प्यायचा, चोथा टाकून द्यायचा. कॅप्सूलमध्ये कोरडी पूड किंवा घट्ट केलेला अर्क असतो, कॉफीत आणखी काही. म्हणजे जुन्या नावाखाली पोटात जाणारी वस्तू जुनी नाही. हाँगकाँगमधल्या एका वृद्ध बाईंची नोंद २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. त्या वर्षभर लिंगझीचा काढा घेत होत्या, काही झालं नाही. मग पूड सुरू केली आणि साधारण महिन्याभरात यकृत बिघडलं. दोष पुडीतल्या दुसऱ्या एखाद्या घटकाचाही असू शकेल. तरीही काढ्याच्या पुण्याईवर पूड खपवू नये, एवढं यातून नक्की कळतं. थायलंडमधून तर लिंगझीच्या पुडीनंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. अशा घटना थोड्या आहेत, मी तुला घाबरवत नाही. पण ‘अपाय काहीच नाही’ हे वाक्य त्यामुळे खरं राहत नाही.

आयुर्वेदात आहे. सुश्रुतसंहितेत अन्नपानाच्या अध्यायात पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन यांवर उगवणाऱ्या अळंब्यांचा उल्लेख आहे, पण भाज्यांच्या यादीत. तिथून कॅन्सरच्या कॅप्सूलपर्यंत रस्ता जात नाही.

जपानमध्ये सरकारच देतं. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण आत्याचं सगळ्यात वजनदार विधान हेच, आणि यात निम्मं खरं आहे. जपानने १९७७ साली क्रेस्टिन नावाच्या औषधाला मान्यता दिली. ते रेशीतून काढलेलं नव्हतं. टर्की टेल म्हणून एक वेगळी बुरशी असते, पडलेल्या लाकडावर रंगीत पट्ट्यांचे पंखे यावेत तशी दिसते. तिच्या तंतूंमधून एक प्रथिनाला जोडलेली साखर वेगळी काढून, शुद्ध करून हे औषध बनवलं होतं. तोंडावाटे द्यायचं. जठराचा कॅन्सर काढून टाकलेल्या २६२ रुग्णांवर जपानी डॉक्टरांनी एक मोठा प्रयोग केला आणि १९९४ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. निम्म्यांना नेहमीची केमो, निम्म्यांना केमो आणि जोडीला क्रेस्टिन. पाच वर्षांनी पहिल्या गटातले ६० टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ७३ टक्के. फरक थोडा नाही. मला स्वतःला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो आणि वर्गात मी तो आवर्जून शिकवत असे.

पण पुन्हा वाच. दोन्ही गटांना केमो होती. बुरशीच्या औषधाने केमोची जागा घेतलेली नव्हती, ते तिच्या जोडीला होतं. बुरशी दुसरी, अवयव दुसरा, औषध शुद्ध केलेलं, मात्रा मोजलेली, आणि देणारे डॉक्टर तेच ज्यांच्यापासून आत्या डबा लपवायला सांगतेय. जपानचंच दुसरं उदाहरण लेंटिनान. शिताके मशरूममधून गोरो चिहारा यांनी ते वेगळं केलं, १९८५ साली त्याला मान्यता मिळाली, जठराच्याच कॅन्सरसाठी, केमोसोबत. आणि ते शिरेतून इंजेक्शनने द्यावं लागे, कारण ही साखर पोटातून फारशी शोषलीच जात नाही. बुरशीच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाच्या लांब साखळीच्या साखरा असतात. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांना परकं म्हणून ओळखतात आणि सावध होतात. पेशी काचेच्या बशीत असल्या की हे छान दिसतं. जाहिरातीतलं ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ तिथूनच येतं. त्या बशीतून आईच्या छातीपर्यंतचं अंतर फार मोठं आहे.

मग खुद्द रेशीचं काय? कॅन्सरमध्ये रेशी दिलेल्या चाचण्या कोक्रेन या संस्थेने गोळा करून तपासल्या, ताजा आढावा २०१६ चा. पाच चाचण्या निकषात बसल्या, सगळे मिळून ३७३ रुग्ण. केमो किंवा रेडिएशनच्या जोडीला रेशी घेणाऱ्यांत उपचाराला प्रतिसाद थोडा जास्त दिसला, काहींना बरं वाटल्याचंही नोंदलं गेलं. नुसत्या रेशीने गाठ आक्रसल्याचं मात्र दिसलं नाही. चाचण्या लहान होत्या आणि त्यांचा दर्जा कमजोर. मुख्य उपचार म्हणून रेशी वापरावी इतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टर्की टेलची एक चाचणी अमेरिकेत झाली, २०१२ ची. बायका अकरा, त्याही रेडिएशन संपलेल्या, आणि तपासायचं होतं ते एवढंच की अमुक ग्रॅमपर्यंत दिलं तर सोसतं का. सोसलं. आयुष्य वाढतं का, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता.

म्हणून तुझ्या ‘गुण येतो का’ला माझं उत्तर असं : आईचा कॅन्सर रेशीने बरा होईल असं मानायला आज आधार नाही. जोडीला घेतली तर थोडा उपयोग होईल का, हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो डॉक्टरांसमोर बसून, केमो संपल्यावर विचारायचा. आत्ता केमोच्या मध्यात नाही. स्तनाच्या कॅन्सरला दिली जाणारी केमोची बरीच औषधं यकृतातून बाहेर जातात. यकृत थकलं तर तीच मात्रा अंगावर जड होते. केमोने प्लेटलेट्स आधीच खाली येतात, आणि प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देण्याचा, म्हणजे रक्त थांबायला उशीर करण्याचा, गुण रेशीच्या अर्कात प्रयोगशाळेत दिसला आहे. आई रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांग.

लपवल्याने काय होतं ते आमच्या घरात झालंय. माझ्या मधल्या जाऊबाईंची केमो चालू होती आणि त्या गुपचूप एक काढा घेत होत्या. बुरशीचा नव्हता, दुसऱ्या मुळ्यांचा. चौथ्या वेळी रक्त तपासलं तर यकृताचे आकडे चढलेले. डॉक्टरांना वाटलं, रोग यकृतात गेला. स्कॅन झाला, केमो तीन आठवडे पुढे गेली, घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. स्कॅन स्वच्छ आला. मग माझ्या पुतणीला ओट्याखालच्या डब्यात ती पुडी सापडली. जाऊबाई रडल्या आणि म्हणाल्या, “मला वाटलं, तुम्ही हसाल.” मी औषधं शिकवणारी, आणि माझ्याच घरातल्या बाईला मला सांगायची भीती वाटली. ते मला अजून लागतं. म्हणून तुला सांगते, आईवर चिडू नकोस आणि तिला हसू तर अजिबात नकोस.

केमो सोडण्याबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. आईचं ऑपरेशन झालंय, दिसणारी गाठ गेली. राहिलेल्या केमो आहेत त्या न दिसणाऱ्या, रक्तातून इकडेतिकडे गेलेल्या पेशींसाठी. २०१८ साली अमेरिकेतल्या कॅन्सरच्या राष्ट्रीय नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दूरवर न पसरलेला, बरा होण्याजोगा कॅन्सर असून ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले असे २८१ रुग्ण घेतले, आणि त्यांच्यासारख्याच, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांशी तुलना केली. पर्यायी उपचारवाल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटीच्याही वर. त्या लोकांनी ऑपरेशनही केलेलं नव्हतं, त्यामुळे हा आकडा तुझ्या आईला जसाच्या तसा लावू नकोस. पण वारं कुठल्या दिशेने वाहतं ते कळायला पुरेसा आहे.

आणि आई केमो का नको म्हणतेय, हे तिला कुणी नीट विचारलंय का? तू लिहिलंस : तोंड आलं, झोप नाही, गळून गेली. या तिन्हीवर डॉक्टरांकडे उपाय असतात, फक्त ते विचारावे लागतात. केमोच्या दिवसांत मळमळ होऊ नये म्हणून बहुतेक वेळा स्टेरॉइड देतात, आणि झोप उडवण्यात त्याचा मोठा हात असतो. ती गोळी सकाळी घेतली, मात्रा थोडी बदलली, तर फरक पडतो. तोंडासाठी मिठा-सोड्याच्या गुळण्या असतात, लावायचं औषध असतं. पांढऱ्या पेशी फार खाली जात असतील तर त्या वाढवायचं इंजेक्शन असतं. फारच झेपत नसेल तर मात्रा किंवा अंतर बदलतात. आपल्या बायका ओपीडीत “बरंय, बरंय” म्हणतात आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसतात. या वेळी तूच आत जा आणि म्हण, “डॉक्टर, आई केमो सोडायचं म्हणतेय, कारण तिला हे हे होतंय. शिवाय ती बारा दिवस हे घेत होती, डबा आणलाय. यकृताची आणि रक्ताची तपासणी आत्ताच करायची का?” डॉक्टर ओरडले तर ओरडू देत. दोन मिनिटं ओरडतील, मग कामाला लागतील.

डबा हातात आहे तर तो नीट वाच. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापलेलं असेल. आपल्याकडे असे पदार्थ औषध म्हणून नाही, पूरक आहार म्हणून विकले जातात आणि ते वाक्य सक्तीचं असतं. अमुक वस्तू कॅन्सर बरा करते अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे. म्हणून डब्यावर एक लिहितात आणि दिवाणखान्यात बसून दुसरं सांगतात. शिवाय आत रेशीच आहे कशावरून? अमेरिकेत विकत घेतलेली रेशीची १९ उत्पादनं संशोधकांनी तपासली, २०१७ चा अभ्यास. खरी रेशी म्हणून उतरली फक्त ५.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल, बाईंना बुरशीचा रागच आहे. तसं अजिबात नाही. ज्या औषधांनी जग बदललं त्यातली कितीतरी बुरशीच्या घरची आहेत. पेनिसिलिन सगळ्यांना माहीत असतं. मला विचारशील तर मी अर्गटची गोष्ट सांगेन. युरोपात राय नावाच्या धान्याच्या कणसावर काळी, दाण्यापेक्षा लांब अशी एक बुरशी येते. ते धान्य दळून खाल्लं की हातापायांत आग पडायची, बोटं झडायची, गावंच्या गावं त्यात गेली. पण तिथल्या सुइणींना ठाऊक होतं की चिमूटभर दिली तर अडलेल्या बाईच्या कळा वाढतात. १८०८ साली जॉन स्टर्न्स या अमेरिकन डॉक्टरने ही प्रसूतीची पूड डॉक्टरांच्या हातात दिली. पण दरवर्षीच्या पिकात बुरशीचा जोर वेगळा, त्यामुळे चिमूट तीच असली तरी मात्रा तीच नसायची. गर्भाशय आवळून धरलं जायचं आणि मूल आतच दगावायचं. १८२४ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी लिहिलं की हिला प्रसूतीची नव्हे, मृत्यूची पूड म्हणायला हवं. पुढे शंभरेक वर्षांनी, १९३५ मध्ये, तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं करता आलं, मोजता आलं, आणि ते वापरायचं मूल जन्मल्यानंतर, रक्तस्राव थांबवायला, हेही पक्कं झालं. त्याच घराण्यातलं इंजेक्शन आजही आपल्या प्रसूतिगृहांच्या फ्रिजमध्ये असतं. तुझ्या जन्माच्या वेळी आईला ते दिलेलं असणं अगदी शक्य आहे. बाबा कोलेस्टेरॉलची गोळी घेत असतील तर त्या जातीच्या औषधांचं मूळही एका बुरशीत सापडलं. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात सुमारे सहा हजार बुरश्या चाळून ते शोधलं. मूत्रपिंड बदललेल्या माणसांना शरीराने नवा अवयव झिडकारू नये म्हणून देतात ते सायक्लोस्पोरिनही बुरशीचंच. ते तर प्रतिकारशक्ती दाबतं! बुरशी प्रतिकारशक्ती वाढवतेच असं सरसकट म्हणणाऱ्याला हे एकच उदाहरण पुरे.

बाबांना सांग, कीडाजडी मागवू नका. उत्तराखंडात पिथोरागढच्या वर, धारचुला-मुनस्यारीकडे, साडेतीन ते पाच हजार मीटरवरच्या कुरणांत जमिनीतल्या अळीवर ही बुरशी उगवते. बर्फ वितळला की गावंच्या गावं तंबू घेऊन वर जातात आणि गुडघ्यांवर रांगत एकेक काडी शोधतात. किलोचा भाव लाखांत, त्यामुळे भेसळीला ऊत. तैवानमध्ये अशा पुडीतून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९६ सालची आहे, आणि २०१६ मध्ये चीनच्याच औषध-नियामकाने तिच्यातल्या आर्सेनिकबद्दल सावध केलं होतं. ते पैसे आईच्या गाडीभाड्याला आणि खाण्यापिण्याला लागतील.

रशियन चागा या आणखी एका बुरशीचं नावही कुणीतरी सुचवेलच. तेही नको. जपानमधल्या ७२ वर्षांच्या एका बाईने यकृताच्या कॅन्सरसाठी सहा महिने रोज चार-पाच चमचे चागाची पूड घेतली. त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या द्रव्याने मूत्रपिंडं निकामी झाली.

आता आत्या. ती आईची नणंद, आणि नणंदेने प्रेमाने आणलेलं परत कसं करायचं, या संकोचात आईने पहिली कॅप्सूल गिळली असणार. म्हणून हे काम आईवर टाकू नकोस. बाबा तिचे भाऊ आहेत, त्यांनी फोन करावा. वाद नको, कंपनीबद्दल बोलणंच नको. “डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत बाहेरचं सगळं बंद सांगितलंय, डबा त्यांनी बघितलाय,” एवढंच म्हणायचं. आधी खरोखर डबा दाखवायचा, म्हणजे हे खरंही असेल. आणि तिला दुसरं काम द्या. तिलाही भावजयीसाठी काहीतरी करावंसं वाटतंय, हे मी खरं मानते. केमोच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येऊन राहा म्हणावं, त्या दिवसांत घरात एक जास्तीचा हात लागतोच. पैसे परत मागू नका. तिने दिले तर घ्या.

आणि भाजी. हो, खाऊ दे. बाजारातली बटण मशरूम किंवा धिंगरी (ऑयस्टर मशरूम), पाकीट ताजं, कडा काळ्या न पडलेल्या, चिकटपणा नसलेली. पूर्ण शिजवूनच द्यायची, सॅलडमध्ये कच्ची नाही, हॉटेलातली नाही, कालची गरम केलेली नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना हे पाळावंच लागतं. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानात बांधून रानातली अळंबी विकायला येते. मला ती जीव की प्राण, पण या वर्षी आईसाठी नको. विषारी जातींतल्या काहींचं विष शिजवूनही जात नाही, आणि उलट्या सुरू व्हायला सहा-बारा तास लागतात, तोवर ते यकृतापर्यंत पोचलेलं असतं. धिंगरीत नव्वद टक्के पाणी आणि शंभर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम प्रथिनं. त्यामुळे अंडं, डाळ, पनीर यांच्या जोडीला ती घ्यायची, त्यांच्याऐवजी नाही. चिरून तासभर उन्हात ठेवलीस तर तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं, ही एक खरीखुरी जादू आहे.

तोंड आलेलं असेपर्यंत मिरची, गरम मसाला, लिंबू टाळ. तुपात जिरं तडतडू दे, धिंगरी बारीक चिरून टाक, चिमूटभर मीठ, झाकण ठेवून सुटलेल्या पाण्यातच मऊ होऊ दे. केमोत तोंडाला लोखंडाची चव येते, तेव्हा स्टीलऐवजी लाकडी चमचा दे. आसट भातात कालवून, कोमट, आणि पहिल्या दिवशी चारच घास.